ब्रेक ऑइल कधी बदललंत?

थर्ड इयरच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला विचारलं होतं, "ब्रेक फ्लुइड हायग्रोस्कोपिक असतं म्हणजे काय?" मी धडाधड उत्तर दिलं : ते हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सर खूष, मी त्याहून खूष. पण आमच्या घरच्या गाडीतल्या ब्रेक फ्लुइडच्या डबीचं झाकण मी तोवर एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. ते उत्तर मला खऱ्या अर्थानं कळलं ते २०२२ च्या दिवाळीत, कुंभार्ली घाटात.

दिवाळीच्या सुट्टीसाठी बाबा गाडी घेऊन मला न्यायला आले होते. आई आणि धाकटी बहीण मागच्या सीटवर, डिकीत माझी गादी, पुस्तकं आणि महिन्याचे न धुतलेले कपडे. कराडहून पाटण, कोयनानगर मागे टाकून आम्ही घाटमाथ्यावर आलो आणि चिपळूणच्या बाजूला उतरायला लागलो. बाबांनी सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचतं म्हणून! पाय ब्रेकवर, गाडी आपली घरंगळतेय. चार-पाच वळणं झाल्यावर काहीतरी जळल्याचा वास आला. आई म्हणाली, "ट्रकचा असेल." पुढच्या वळणाआधी बाबांचा आवाज बदलला. "अरे, पेडल खाली जातंय."

बाबांनी पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं, तेव्हा थोडा ब्रेक लागला. मी ओरडलो, "गियरमध्ये टाका, बाबा! तिसरा, मग दुसरा!" इंजिन जोरात गुरगुरलं, गाडी हळू झाली. मग हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती तिथे गाडी थांबवली. चाकाखाली दगड लावले. पाच-दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. बहीण रडत होती.

गंमत म्हणजे पाऊण तासानं पेडल पुन्हा कडक झालं, जणू काही घडलंच नव्हतं. का? हे आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवं.

साधा हिशोब करू. माणसं-सामान धरून हजार किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते. एमजीएच काढा : सुमारे ४९ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत साधारण १५ लिटर गार पाणी उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये उतरताना ही जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते, तिथून पॅडमार्फत चाकाजवळच्या फ्लुइडमध्ये. डॉट ३ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. फ्लुइड उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पास्कलचा सगळा नियम त्या बुडबुड्यांत बुडतो आणि पेडल तळाला जातं. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी, पेडल परत कडक. म्हणूनच हा दोष गावात गाडी चालवताना कळत नाही. तो नेमका घाटातच कळतो.

दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू चिपळूण गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी झाकण उघडलं. फ्लुइड मेसच्या चहासारखं झालं होतं. नवं असताना ते जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ, फिकट पिवळं असतं. "ब्रेक ऑइल कधी बदललंत?" या त्यांच्या प्रश्नाला आमच्या कोणाकडेच उत्तर नव्हतं. गाडी सेकंड-हँड, इंजिन ऑइल मात्र दर वेळी वेळेवर! आपण त्याला ब्रेक 'ऑइल' म्हणतो, पण ते तेल नव्हे. चुकून त्यात इंजिन ऑइल ओतलं तर आतले रबरी सील फुगून निकामी होतात. झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिलेला असेल तोच वापरायचा आणि साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचा. पातळी कमी झाली तर नुसतं टॉप-अप करू नका. एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. ते आधी बघा.

आणि न्यूट्रलचं काय? इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे बाबा वाचवत होते ते पेट्रोल वाचतच नव्हतं! काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम सोपा आहे : ज्या गियरमध्ये घाट चढाल, त्याच गियरमध्ये उतरा.

त्या दिवसापासून घरच्या गाडीची तपासणी माझ्याकडे आली. महिन्यातून एक रविवार, अर्धा तास पुरतो.

टायर : हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानं टायर बाद. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की समजा संपलं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कमी चाललेला टायरही म्हातारा होतो.

इंजिन ऑइल : गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणंही वाईटच.

कूलंट : नुसतं नळाचं पाणी ओतलं की आत गंज आणि क्षार धरतात. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी अंगावर येतं.

बॅटरी : टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड साफ करा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

टायमिंग बेल्ट : ज्या गाड्यांत आहे, तिथे पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला बदलाच. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्ट हजारांत येतो, इंजिनाचा खर्च विचारू नका.

वायपर : पावसाळा सुरू व्हायच्या आधी बदला, रात्री पावसात अडकल्यावर नव्हे.

हे सगळं करताना एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं. आपण जर्नल इतरांचं बघून उतरवतो, ही वही मात्र स्वतःची हवी. त्या मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या वहीत आता पहिल्याच पानावर आहे. बाबा न्यूट्रलचं नाव काढत नाहीत, पण घाट आला की आई अजून विचारते, "कितव्या गियरमध्ये आहे रे?"

स्टाफ पार्किंगमधल्या सरांना आणि मॅडमना नम्र विनंती : या सुट्टीत घाट उतरण्याआधी बॉनेट उघडून त्या छोट्या डबीतला रंग एकदा बघा. आणि मित्रांनो, घरी गेलात की आपल्या बाबांना तो एक प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही, तर आधी मिस्त्रींकडे जा, मग फराळाला बसा.