चित्रमाध्यमाचे शिक्षण : व्यापारी घरातून पाहताना

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून भूगाव-पिरंगुटच्या दिशेने निघाले की मुळशी तालुका लागतो. भाताची खाचरे, टाटांचे धरण आणि त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली उभारलेला सत्याग्रह ही या तालुक्याची जुनी ओळख. नव्या पिढीला मात्र मुळशी आठवते ती २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटामुळे. जमिनी विकून आलेला पैसा आणि त्या पैशाने उद्ध्वस्त झालेली शेतकऱ्यांची घरे हा त्याचा विषय होता. याच तालुक्यातील लवळे येथे आज सिंबायोसिस आणि फ्लेम या दोन विद्यापीठांची आवारे आहेत. सिंबायोसिसची माध्यम व संज्ञापन संस्था लवळ्याच्या टेकडीवर असून तेथे पदव्युत्तर स्तरावर दृक्‌श्राव्य माध्यम, पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क आणि माध्यम-व्यवस्थापन हे विषय शिकविले जातात. आपल्या समाजातील मुले-मुलीही आता अशा अभ्यासक्रमांची माहितीपत्रके घरी घेऊन येऊ लागली आहेत.

निवृत्त बँक अधिकारी म्हणून शिक्षण-कर्जाविषयी विचारणा माझ्याकडे नेहमीच होते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीसाठी कर्ज हवे असेल तर वडील थेट व्याजदर विचारतात. मुलगी चित्रपट-संकलन शिकू म्हणते तेव्हा मात्र आवाज खाली येतो आणि पहिला प्रश्न असतो, ‘‘साहेब, यात भविष्य आहे का?’’ दुसरा प्रश्न कोणी उच्चारत नाही, पण तो ऐकू येतो : मग पेढी कोण सांभाळणार? या दोन्ही प्रश्नांत गैर काही नाही. तीन पिढ्यांच्या कष्टाने उभी राहिलेली पेढी हा केवळ मालाचा साठा नसतो, हे जाणणारा बाप असा प्रश्न विचारणारच.

परंतु चित्रपट हा धंदा आपल्याला परका आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे कलावंत-तंत्रज्ञ त्यात होते. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ होते. कलेचा हिशेब जुळावा यासाठी व्यापारी माणूस भागीदार म्हणून सोबत घेण्याची गरज त्या मंडळींना पहिल्या दिवशीच वाटली होती, हे मला फार बोलके वाटते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली आणि १९३६ च्या तिच्या ‘संत तुकाराम’ने पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळविला. पुढे प्रभात बंद पडली. तिच्याच जागेत १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली; दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७४ मध्ये दिल्लीहून तेथे आले. लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना त्या फाटकाकडे आपण कितीदा पाहिले असेल!

राजश्रीचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे. ताराचंद बडजात्या हे राजस्थानातील कुचामणचे. त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी राजश्री सुरू केली ती चित्रपट-वितरणासाठी, निर्मितीसाठी नव्हे. कोणत्या प्रांतात कोणते चित्र चालेल, चित्रगृहाच्या मालकाशी काय ठरवावे, वसुली कशी करावी, हा शुद्ध व्यापार ते आधी शिकले. निर्मितीकडे ते वळले ते १९६२ च्या ‘आरती’पासून, आणि १९६४ च्या ‘दोस्ती’ने तर नवख्या चेहऱ्यांनिशी यश मिळविले. बाजार आधी आणि कारखाना नंतर, हा क्रम आपल्यापैकी कोणालाही सांगावा लागणार नाही.

म्हणूनच माध्यमशिक्षण म्हणजे पडद्यावर झळकण्याची शिकवणी, हा समज प्रथम सोडला पाहिजे. छायालेखन, संकलन, ध्वनी, पटकथा, निर्मिती-नियंत्रण, वितरण, हक्कांचे करार ही सारी स्वतंत्र कामे आहेत. पुण्याच्या याच संस्थेत ध्वनितंत्र शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ऑस्कर मिळाले. रस्त्यात त्यांना ओळखणारे थोडेच, पण कामाचा दर्जा आणि मागणी त्यावर अवलंबून नसते. निर्मितीच्या बाजूला तर दररोजचा खर्च, भाड्याची साधने, माणसांची हजेरी आणि लांबलेल्या चित्रीकरणाचे व्याज यांचा मेळ घालावा लागतो. दिवाळीत वही मिटवताना वडिलांशेजारी बसलेले मूल येथे इतरांच्या चार पावले पुढे असते.

धोका नाही असे मात्र मुळीच नाही. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली, तोपर्यंत बँकेचा माणूस या धंद्यापासून चार हात दूरच राहत असे. तारण काय, तर न बनलेले चित्र! आजही या क्षेत्रात पगारापेक्षा कामागणिक मोबदला अधिक, आणि एक काम संपल्यावर दुसरे मिळेपर्यंतचा रिकामा काळ घरखर्चात धरावा लागतो. हे मुलांना प्रवेशाआधी सांगितलेच पाहिजे. मात्र ते भीती घालण्याच्या सुरात नव्हे, भांडवल बांधून ठेवणाऱ्या कोणत्याही व्यवसायाची माहिती द्यावी तसे.

महागड्या विद्यापीठातच हे शिक्षण मिळते, असेही समजू नये. नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचे शिक्षण अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात घेतले. त्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उलट ‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कोणत्याही चित्रपट-शाळेत गेलेले नाहीत. मग एवढे शुल्क कशासाठी? माझ्या मते ते तीन गोष्टींसाठी असते : साधने वापरण्याचे तास, हात धरून चुका दाखविणारा शिक्षक आणि सोबत शिकणारे साथीदार. पुढील वीस वर्षांचे काम बहुधा याच साथीदारांतून मिळते. तेव्हा आवार पाहायला जाल तर वसतिगृह आणि हिरवळ पाहून परतू नका. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला कॅमेरा आणि संकलन-कक्ष किती तास येतो, शेवटच्या वर्षी स्वतःचा लघुपट करता येतो का आणि त्याचा खर्च कोण उचलते, हे विचारा. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे दोन लघुपट मागून घ्या आणि घरी सर्वांनी मिळून पाहा. शिक्षकांपैकी सध्या प्रत्यक्ष काम करणारे किती, हेही विचारायला संकोच नको. आपण माल घेताना याहून अधिक चौकशी करतो.

आता कर्जाविषयी. बँकांच्या शिक्षण-कर्ज योजनेत सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण किंवा त्रयस्थ जामीन लागत नाही, त्यापुढे मात्र मालमत्तेचे तारण मागितले जाते. खासगी विद्यापीठाचे संपूर्ण शुल्क ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून कागदपत्रांची तयारी आधीपासून असावी. हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. दरम्यानच्या काळात व्याज मात्र चढत राहते; ते जमेल तसे भरत गेल्यास पुढचा भार बराच हलका होतो. आपल्याकडे भावकीतून किंवा पेढीतून रक्कम उचलून शुल्क भरण्याची पद्धत आहे. ती सोयीची खरी, परंतु शिक्षण-कर्जाच्या व्याजावर मिळणारी आठ वर्षांची प्राप्तिकर वजावट अशा उसनवारीवर मिळत नाही. ती बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जावरच आणि ज्याच्या नावे कर्ज आहे व जो व्याज भरतो त्यालाच मिळते. शिवाय नवी करप्रणाली स्वीकारल्यास तीही नाही. वडिलांच्या नावे कर्ज घ्यावे की मुलीच्या, हे यावरूनच ठरवावे लागेल, आणि त्यासाठी प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वीच आपल्या सनदी लेखापालांशी बोलून घेतलेले बरे.