पणजीचा कॅसिनो आणि आपली भिशी

 

उसाचं बिल जमा झालं, कांद्याची पट्टी हातात आली, की गावात सहलीच्या गोष्टी निघतात. पूर्वी अष्टविनायक, पंढरपूर, फार तर कोकण. आता गोवा. घरात खताचं नाहीतर सिमेंटचं दुकान असेल तर कधी कंपनीच डीलर लोकांची टूर काढते. आणि या टूरमध्ये हमखास एक संध्याकाळ ठेवलेली असते कॅसिनोची. गटाच्या बैठकीत बायका विचारतात, "यजमान म्हणतात, तूही चल. जावं का गं? तिथे नक्की असतं तरी काय?" आज त्याबद्दल बोलू.

आधी आमचंच सांगते. मागे आमच्या गटातल्या बारा जणी गोव्याला गेलो होतो. त्यातल्या सात जणी एका जहाजावर कॅसिनो बघायला चढलो. सहा जणी जेवून, दिवे बघून परत आलो. सातवीने दोन हजारांनी सुरुवात केली. अर्ध्या तासात तिचे पाच हजार झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते पाच गेले. ते परत मिळवायला तिने फोनवरून दोनदा पैसे भरले. रात्री उतरलो तेव्हा घरचे चौदा हजार गेले होते, आणि ते होते मुलीच्या नर्सिंगच्या फीचे. कोल्हापूर येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. पुढच्या बैठकीत तिने पंधरा हजारांचं कर्ज मागितलं आणि कारण लिहिलं, "औषधपाणी". वही माझ्याकडे असते, म्हणून खरं कारण मला कळलं. दीड हजाराचे दहा हप्ते आणि वर व्याजाचे १६५० रुपये तिने फेडले. "माझं नाव घेऊ नका, पण सगळ्यांना सांगा," असं तीच म्हणाली. म्हणून सांगते आहे.

आता कॅसिनो म्हणजे काय ते बघू. कॅसिनो म्हणजे सरकारचा परवाना घेऊन चालवलेलं जुगाराचं घर. आपल्या महाराष्ट्रात ते नाही. १९७६ साली आपल्याकडे कॅसिनोचा एक कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच केला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. मात्र १९९२ साली त्यात बदल करून पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरच्या खेळांना परवानगी दिली, आणि १९९६ साली पाण्यातल्या जहाजांवर पत्ते आणि चाकाच्या खेळांना. म्हणून पणजीला मांडवी नदीत रात्री जहाजं झगमगताना दिसतात. किनाऱ्यावरच्या धक्क्यावरून लहान बोटीत बसवून तिथे नेतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. खेळायचं ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी. ज्या घरी पंगत मांडली आहे, त्या घरच्या लेकरांनाच तिथे जेवायला मनाई असेल, तर पाहुण्याने पानावर बसण्याआधी थोडा विचार करावा.

आत काय खेळ असतात? तीन पत्ती, अंदर-बाहर हे आपल्या ओळखीचे. बटण दाबायची मशीनं असतात. आणि मोठं आकर्षण म्हणजे रुलेटचं चाक. त्यावर १ ते ३६ आकडे असतात आणि एक शून्य. म्हणजे घरं झाली ३७. चाक फिरवून त्यात गोटी सोडतात. गोटी तुमच्या आकड्यावर थांबली, तर एकाला पस्तीस मिळतात आणि लावलेला एक परत. म्हणजे १०० लावले तर हातात ३६०० येतात.

ऐकायला बरं वाटतं. आता आपल्या भिशीशी ताडून बघा. समजा ३७ बायकांची भिशी आहे. प्रत्येकीने १०० रुपये टाकले, जमले ३७००. जिचा नंबर लागला तिला ३७०० मिळाले. पुढच्या महिन्यात दुसरीला. शेवटी सगळ्यांना आपापले पैसे मिळतात, एकीचाही रुपया बुडत नाही.

आता त्याच ३७ जणी चाकाभोवती बसवा. प्रत्येकीने वेगळ्या घरावर १०० रुपये लावले. जमले ३७००. गोटी थांबली, एकीला ३६०० मिळाले. उरलेले १०० कुठे गेले? ते जहाजवाल्याकडे. चाक परत फिरलं, परत १०० त्याच्याकडे. तासात ३० वेळा फिरलं तर ३००० रुपये. त्याने कुणाला फसवलं नाही, चाकात काही लबाडी केली नाही. खेळाचा नियमच तसा आहे. शिवाय भिशीत तुमची पाळी ठरलेली असते. इथे एकीची पाळी तीनदा येईल आणि दुसरीची रात्रभर येणारच नाही.

३७०० मागे १०० म्हणजे शेकडा पावणेतीनच्या आसपास. आमच्या गटात व्याज शेकडा दोन आहे, तेही महिन्याला. इथे शेकडा पावणेतीन जातात एका फेरीला, मिनिटा-दोन मिनिटांत. काही चाकांवर दोन शून्यं असतात. तिथे शेकडा सव्वापाच जातात. प्रत्येक खेळात हा वाटा कमी-जास्त असतो, पण कॅसिनोचा वाटा नसलेला खेळ तिथे ठेवतच नाहीत. जहाज, दिवे, जेवण, गाणारे, नाचणारे, सगळ्यांचा खर्च त्याच वाट्यातून निघतो.

"पण लोक जिंकतात की!" असं कुणी म्हणेल. जिंकतात. ३७ मधली एक जिंकतेच, आणि तिचाच आरडाओरडा ऐकू येतो. बाकीच्या ३६ जणी गप्प असतात. गावी आल्यावरही जिंकलेला चहाच्या टपरीवर सांगतो, आणि हरलेला घरीसुद्धा सांगत नाही.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. मटक्याचे जुने आकडे वहीत उतरवून ठेवणारी माणसं आपण पाहिली आहेत. तसंच तिथे म्हणतात, "पाच वेळा लाल आलं, आता काळं येणारच." चाकाला आठवण नसते, मैत्रिणींनो. मागे काय आलं ते गोटीला माहीत नसतं. ३७ घरांत लाल १८ आणि काळी १८, हे प्रत्येक फेरीला तेवढंच असतं. "आता माझी वेळ येणार" हे वाटणं आपल्या मनातलं आहे. आमच्या मैत्रिणीचे चौदा हजार त्या वाटण्यापायीच गेले.

माणसाला तिथे थांबवून ठेवायची व्यवस्थाही समजून घ्या. पैसे देऊन प्लास्टिकच्या चकत्या घ्यायच्या असतात, त्यांना चिप्स म्हणतात. पाचशेची नोट मोडताना आपला हात थांबतो. चकती टाकताना थांबत नाही. जत्रेत पाळण्याची तिकिटं संपतात तशा त्या संपतात. भिंतीवर घड्याळ शोधून सापडायचं नाही, खिडकीतून दिवस-रात्र कळायची नाही. जेवण प्रवेशाच्या पैशांत धरलेलं असतं, दारूही बऱ्याचदा त्यातच असते. दारू पोटात गेली की हिशोब सुटतो. फुकट वाटणाऱ्या गोष्टीची किंमत कुठून तरी वसूल होतेच.

त्यावर कर आहे तो वेगळाच. चिप्स घ्यायला जे पैसे भरता त्यावर जीएसटी आहे. तो १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणून खिडकीवर एकच प्रश्न विचारा, "हजार रुपये दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स येतील?" आणि जिंकलात तर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, वर उपकर. एका डावात जिंकलेल्यातून दुसऱ्या डावात हरलेले पैसे वजा करता येत नाहीत.

एवढं सगळं ऐकूनही जायचं असेल तर जा. बघण्यात पाप नाही. पण या गोष्टी सांभाळा.

वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र जवळ ठेवा. लहान मुलांना खेळाच्या जागी घेत नाहीत, त्यामुळे त्यांची सोय आधी लावा. साडी, पंजाबी ड्रेस चालतो, लाजायचं कारण नाही.

जाण्याआधी, घरीच, रक्कम ठरवा. जत्रेत पाळण्यात बसायला जेवढे द्याल तेवढी. ती गेली असंच धरून चाला. तेवढीच रोख पर्समध्ये ठेवा. एटीएम कार्ड लॉजवर ठेवा, आणि ज्या फोनवरून पैसे जातात तो फोन न खेळणाऱ्या मैत्रिणीकडे द्या. फी, बी-बियाणं, औषध आणि गटाचा हप्ता यांतला रुपयाही त्यात धरू नका.

परतायची वेळ ठरवा आणि हातात घड्याळ घाला. जिंकलेले पैसे वेगळ्या कप्प्यात टाका, त्यांना परत हात लावू नका. हरलेले परत मिळवायला बसू नका. तिथे कुणी उसने देतो म्हणाला तर हात जोडून उठा.

यजमानांबरोबर जात असाल तर रक्कम दोघांनी मिळून ठरवा. महाभारतातल्या द्यूतात द्रौपदीला कुणी विचारलं नव्हतं. तिला पणाला लावल्यावर भर सभेत प्रश्न तिने विचारला, पण तोपर्यंत उशीर झाला होता. आपण प्रश्न गाडीत बसायच्या आधी विचारायचा: "किती न्यायचे, आणि ते कशातले?" उसाच्या बिलात आपल्याही खुरपणीचा घाम असतो. तो विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि गोवा म्हणजे काही कॅसिनो नव्हे. गोवा एक्स्प्रेस मनमाडकडून दौंडमार्गे पुण्याला येते आणि मिरज, बेळगाव, लोंढा करत मडगावला जाते. दौंडला काही गाड्या मुख्य स्थानकावर न येता कॉर्ड लाइनच्या स्थानकावरून जातात, म्हणून तिकिटावरचं स्थानकाचं नाव नीट वाचा. पावसाळ्यात याच मार्गावर गाडीतून दूधसागर धबधबा दिसतो. मडगावहून पणजीला कदंबची बस मिळते. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, जुन्या गोव्याची मोठी चर्चं, मिरामारचा किनारा, सगळं पणजीहून जवळ आहे. नदीतून फिरायचं असेल तर गोवा पर्यटन महामंडळाच्या सहलीच्या बोटी संध्याकाळी सुटतात. त्या वेगळ्या आणि कॅसिनोची जहाजं वेगळी, तिकीट काढताना गल्लत करू नका. आणि पणजीहून पलीकडे बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी माणसाला पैसेच पडत नाहीत. सूर्य मावळताना त्या बोटीच्या कडेला उभं राहिलं, की कॅसिनोचे सगळे दिवे तिथूनच दिसतात.

आमची ती मैत्रीण यंदा परत आमच्याबरोबर येणार आहे. या वेळी सगळ्यांचे फोन सांभाळायचं काम तिने आपणहून मागून घेतलंय. आणि तिची लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

येते मैत्रिणींनो. पुढच्या बैठकीत ही भिशीची गोष्ट वाचून दाखवा, आणि जमलं तर घरातल्या पुरुषांनाही ऐकवा.