कर्ककारक, धोका, जोखीम : शब्द नीट लावून घेऊ

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं, "सर, आपल्या कोलशेतला पूर्वी केमिकलचे कारखाने होते. मग इथं राहणाऱ्यांना कॅन्सर होणार का?" मी रसायनशास्त्राचा नाही, तत्त्वज्ञानाचा माणूस. पण या प्रश्नातली निम्मी भीती शब्दांच्या गुंत्यातून येते. तो सोडवून बघू.

पहिला शब्द कर्ककारक. ज्यामुळे कॅन्सर होऊ शकतो असा पदार्थ. 'होतोच' नव्हे. याची उत्परिवर्तकाशी गल्लत होते. उत्परिवर्तक पेशीतल्या डीएनएत बदल घडवतो. पुष्कळ कर्ककारक तसे असतात, सगळे नाहीत.

खरी मेख पुढे आहे. दोन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट 'धोका' म्हणतो. धोका म्हणजे पदार्थाच्या अंगची अपाय करण्याची क्षमता. जोखीम म्हणजे तो अपाय तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता. ती पदार्थ किती, किती काळ, कुठल्या वाटेनं शरीरात गेला यावर ठरते. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. त्यानं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. पंपावर पाच मिनिटं थांबणारा स्कूटरवाला आणि वर्षानुवर्षं बेन्झीनच्या वाफेत काम करणारा कामगार, दोघांपुढचा धोका तोच; जोखीम मात्र फार वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये ल्याँ इथं आहे. ती पदार्थांचे गट पाडते. गट १ म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा. तंबाखू गट १ मध्ये, लाकडाची धूळही गट १ मध्ये. म्हणून दोन्ही सारखीच घातक? नाही. गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, विषाचा जोर नाही. आणि गट ३ म्हणजे 'निर्धोक' नव्हे. 'पुराव्यावरून ठरवता येत नाही', एवढंच.

माझी आई रोज मिश्री लावायची. म्हणायची, "मी कुठं तंबाखू खाते? दात घासते." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की! मुंबईच्या संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू आणि तोंड-घशाच्या कॅन्सरचा संबंध १९५५ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. आई तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मिश्रीमुळेच गेली का? एका माणसाबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही. जोखीम वाढली होती, हे मात्र सांगता येतं.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर : 'कारखाना होता' एवढ्यावरून 'हो' म्हणता येत नाही, आणि 'नाही'ही म्हणता येत नाही. कुठला पदार्थ, किती, किती वर्षं, कुणाच्या शरीरात, हे विचारा. आणि विचारताना घरातल्या मिश्रीच्या डबीलाही विसरू नका.