पाटण खोऱ्यातील जत्रा आणि तमाशाच्या फडांचा परस्परव्यवहार

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटणच्या परिसरात तमाशाचा हंगाम पर्जन्याने ठरविला आहे. मृगापासून पुढे चार महिने उघड्यावर खेळ होणे अशक्यच. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखात, ग्रामदैवतांच्या जत्रांत, त्यांच्या कमाईस खरा भर येतो. मुंबईस चाकरीला गेलेली मंडळी जत्रेसाठी गावी येतात, आणि वर्गणीचा भार पुष्कळसा त्यांच्यावरच असतो.

परंतु जत्रांच्या तिथी थोड्या आणि गावे फार. एकाच रात्री अनेक ठिकाणांहून मागणी आली, म्हणजे एका फडास एकच सुपारी घेता येते. उरलेली गावे दुसऱ्या फडाकडे वळतात. विटा आणि नारायणगाव येथे फडमालकांच्या राहुट्या शेजारीशेजारी लागतात, त्या काही केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी नव्हेत. प्रतिस्पर्ध्याचे बळ आणि त्याची अडचण या दोन्हींची वार्ता तेथे प्रत्येकास असते. ऐनवेळी ढोलकीवाला आजारी पडला तर तो शेजाऱ्याकडूनच मागून आणावा लागतो.

या व्यवहाराची मुळे स्पर्धेतच आहेत. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात शक्तीचा पक्ष घेणारा कलगीवाला आणि शिवाचा पक्ष घेणारा तुरेवाला एकमेकांस कूटप्रश्न घालीत. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते : तोलाचा प्रतिपक्ष नसेल तर सवाल कोणाला करावयाचा? दुसऱ्याचा फड मोडणे म्हणजे आपलीच रात्र ओस पाडणे होय.

या भूमीत फडांची परंपराही दाट आहे. पहिला वग मानला जाणारा ‘मोहना-बटाव’ 1865 साली सावळजच्या उमाजीने रचला. पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. कवलापुरास सातू-हिरू, शिवा-संभा आणि काळू-बाळू अशा जोड्यांनी एकाच घराण्यात फड चालविला. ही सारी गावे आजच्या सांगली जिल्ह्यातील. अशा घराण्यांत शिकलेला सोंगाड्या किंवा शाहीर पुढे दुसऱ्या फडात गेला, तरी गुरूच्या फडाशी त्याचे नाते सुटत नाही.

तथापि या सहकार्याची एक बाजू कठोर आहे. पावसाळ्यात कलावंत घरी बसतो, तेव्हा त्याचा संसार मालकाने दिलेल्या उचलीवर चालतो. ती फिटेपर्यंत तो त्या फडाशी बांधलेला. दुसऱ्या मालकास तो हवा असल्यास आधी उरलेली उचल पहिल्या मालकास चुकती करावी, असा रिवाज आहे. याने फडाफडांतील भांडणे मिटतात, हे खरे. पण कलावंताचे ऋण मात्र मिटत नाही, त्याचा धनी तेवढा बदलतो. नाचणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच जाचक ठरते, कारण त्यांच्या कमाईवर बहुधा सबंध घर अवलंबून असते. मालकांच्या परस्परविश्वासाला बंधुभाव म्हणावयाचे असल्यास, त्याची किंमत कोण भरतो तेही पाहिले पाहिजे.

खुद्द मालकही ऋणमुक्त नसतो. उचलीसाठी तो सावकाराकडून रक्कम काढतो आणि जत्रांच्या उत्पन्नातून फेडतो. एखाद्या फडाचा हंगाम बुडाला तर इतरांच्या आधाराने तो पुढच्या वर्षी उभा राहू शकतो. 2020 साली हा आधारच नाहीसा झाला. गुढीपाडवा, म्हणजे सुपाऱ्या ठरण्याचा मुख्य दिवस, त्या वर्षी 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. उचली वाटून झालेल्या होत्या, जत्रा रद्द झाल्या. ज्याच्याकडे मागावयास जावे तो शेजारचा फडमालकही त्या पाडव्याला रिकाम्या हातांनी घरी परतला होता.