आधी बंधारा, मग पोपटी

वांगणी मागे पडली की कर्जत लोकलच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसू लागतात. कापणी उरकली तरी ती रिकामी नसतात. जमिनीत मुरलेल्या ओलीवर तिथे वाल उभा असतो; त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून थंडीतल्या रविवारी इकडे येणाऱ्यांना याच वालाच्या शेंगांची, मडक्यात शिजवलेली पोपटी खुणावते. त्यांतले काही गट मात्र पोपटीच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या सुमारास, इथे एक फेरी करून गेलेले असतात. ती फेरी बंधाऱ्यासाठी.

मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे ‘वनराई बंधारा’ हे नाव रुळलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्याच्या पात्रात सांधे चुकवत त्या आडव्या रचायच्या. पाऊस थांबला, पण ओढा अजून वाहतोय, एवढ्याच काळात हे काम साधतं. अडलेलं पाणी आजूबाजूच्या जमिनीत मुरतं आणि विहिरींना आधार मिळतो. पुढच्या पावसात गोण्या वाहून जातात, म्हणून काम दरवर्षी नव्याने करावं लागतं. आणि नेमकी दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. शहरातून आलेल्या वीस-पंचवीस माणसांचा उपयोग होतो तो इथे.

शहराचं या भागाशी नातं पाण्याचंही आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि कल्याण-डोंबिवलीच्या नळांना पाणी पुरवते. १९२२ सालच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारं पाणी तिला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं. डोंगरकडेच्या वाड्यांचे ओढे मात्र उन्हाळ्याआधीच आटतात. नदीकाठच्या शहरांनी वर्षातला एक रविवार या वाड्यांना देणं अगदी रास्त आहे. या मातीत अशा कामाची परंपराही आहे. शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या दारात जाऊ नयेत म्हणून स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी कर्जत भागात धान्यकोठ्या उभ्या केल्या. २ जानेवारी १९४३ रोजी ते सिद्धगडावर हुतात्मा झाले.

जानेवारीत वाल भरला की पोपटी. मडक्याच्या तळाशी बांधावर आपोआप उगवणारा भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मधोमध ठेवतात. पाणी नाही, तेल नाही. तोंडात पाल्याचा गच्च बोळा कोंबून मडकं उपडं करतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करतात. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफ आतच कोंडते. अर्ध्या-पाऊण तासात सगळं शिजतं. तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारला की चर्र आवाज येतो, पाल्याचा उग्र वास सुटतो. मग पेपरावर मडकं रितं करायचं आणि गरम शेंगा सोलत बसायचं. दक्षिण गुजरातेतलं उंबाडियू याच कुळातलं.

आता फार्महाउसवर तयार पोपटी मिळते, चवीला चांगलीही असते. पण शेंगा गावातून विकत घेतल्या, मडकं लावणाऱ्याला मजुरी दिली, तर पैसा वाडीत राहतो. बंधाऱ्याला हात लावायचा असेल तर ऑक्टोबरातच ग्रामपंचायतीशी बोलावं. जागा सहायक कृषी अधिकारी आणि गावातल्या जाणत्यांनी ठरवावी. ओढा कुठे फुगतो आणि कुणाच्या शेतात शिरतो, हे त्यांना पाठ असतं.