न पाहिलेल्या ग्राहकाशी सचोटीचा व्यवहार

दुकानात साडी घ्यायला आलेली गृहिणी प्रथम घडी उलगडते, पदर हातावर घेते, दारापाशी नेऊन उजेडात रंग पाहते आणि मगच भावाची बोलणी सुरू करते. साडी पसंत पडली नाही तर ती परत करण्यासाठी कोणाकडे यायचे, हेही तिला ठाऊक असते. महाजालावरील खरेदीत यांपैकी काहीच शक्य नसते. एक छायाचित्र, चार ओळींचे वर्णन आणि किंमत एवढ्याच आधारावर गुवाहाटीचा ग्राहक येवल्याच्या विक्रेत्याला पैसे पाठवतो आणि पुडके येण्याची वाट पाहत बसतो. वस्तू कशी आहे हे विक्रेत्याला पूर्ण माहीत असते, ग्राहकाला मात्र जवळजवळ काहीच माहीत नसते.

या असमान माहितीमुळे बाजाराचे काय होते, हे अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले. चांगली मोटार कोणती व बिघडलेली कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सर्वच मोटारींना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात मुख्यतः वाईट मालच उरतो. या विचाराबद्दल त्यांना 2001 साली इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या हातमाग विणकराला हा सिद्धांत समजावून सांगावा लागत नाही, कारण तो त्याचे चटके रोज सोसतो. यंत्रमागावरची साडी ‘हातमागाची’ म्हणून निम्म्या किमतीत संकेतस्थळावर झळकली की त्याच्या खऱ्या साडीची किंमत ग्राहकाला लूट वाटू लागते.

म्हणून प्रामाणिक ई-व्यापाराची सुरुवात वस्तूच्या वर्णनापासून होते. पैठणीचेच पाहा. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रावर विणलेल्या नकलेच्या मागे बहुधा सुटे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात. ज्याला काही लपवायचे नाही, असा विक्रेता पदराच्या मागील बाजूचे छायाचित्र आवर्जून देईल. पोचमपल्लीच्या इकतमध्ये सूत आधी रंगवून मग विणले जाते, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच उठते. छापील नकलेची उलट बाजू फिकी पडते. ‘आर्ट सिल्क’ हा शब्द तर फारच सोयीचा. त्यात कला कसलीच नसते, ‘आर्टिफिशियल’ म्हणजे कृत्रिम या शब्दाचे ते लघुरूप आहे. हे शब्द वापरणे गुन्हा नव्हे. मात्र त्यांच्या शेजारी ‘कृत्रिम धागा’ असे स्पष्ट मराठीत, हिंदीत किंवा तमिळमध्ये न लिहिणे ही लबाडी होय.

याकामी शासकीय चिन्हांचाही आधार आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ दिला जातो, तर हातमागाच्या मालासाठी 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. दोन्ही चिन्हे वेगवेगळ्या गोष्टींची साक्ष देतात, हे विक्रेत्यानेच ग्राहकाला सांगितलेले बरे. रेशीम शुद्ध असूनही साडी यंत्रमागाची असू शकते. त्याचप्रमाणे हातमागाच्या कापडात एखादी गाठ किंवा रंगछटेचा किंचित फरक राहतो, हेही आधीच नमूद करावे. असे लिहिल्याने विक्री घटेल अशी भीती नवख्याला वाटते. प्रत्यक्षात परत येणारी पुडकी कमी होतात, आणि परतीचा टपालखर्च हाच या धंद्यातील नफा खाऊन टाकणारा मोठा खर्च असतो.

कायद्याची चौकट

‘घरबसल्या चार साड्या विकतो, आम्हाला कुठला कायदा?’ ही समजूत चुकीची आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 मधून सूट आहे ती केवळ वैयक्तिक स्वरूपाच्या, नियमित धंदा नसलेल्या व्यवहारांना. नियमितपणे विक्री करणाऱ्याला हे नियम पाळावेच लागतात. सर्व आकार धरून होणारी एकूण किंमत एका आकड्यात द्यावी व तिची फोड दाखवावी, मूळ देश सांगावा, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करावे, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा, अशा तरतुदी त्यांत आहेत. माल सदोष असेल, जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातील जुनी पाटी येथे निरुपयोगी आहे. (आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर गोष्ट वेगळी.)

याहून महत्त्वाची बाब म्हणजे, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते. गुवाहाटीच्या ग्राहकाला येवल्यापर्यंत यावे लागत नाही, उलट येवल्याच्या विक्रेत्यालाच गुवाहाटीच्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते. अंतराचा फायदा घेऊन फसवण्याचा मार्ग येथे बराच अरुंद झाला आहे.

विक्रेत्याने स्वतःच ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्या मालाची स्तुती लिहिणे याच नियमांनी निषिद्ध ठरवले आहे. परीक्षणे कशी गोळा करावीत व प्रसिद्ध करावीत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली आयएस 19000 हे मानकही काढले. तरीही मेहुण्याकडून पाच तारे लिहवून घेण्याचा मोह सुटत नाही! खरे पाहता, दोन-तीन नाराज अभिप्राय आणि त्यांखाली विक्रेत्याचे शांत, नेमके उत्तर हे पान पाहून जाणता ग्राहक अधिक निश्चिंत होतो. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र शासनाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध केले. ‘फक्त एकच नग शिल्लक’ असे खोटेच सांगणे, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, शेवटच्या पायरीवर नवा आकार उघड करणे हे त्यांतलेच.

पैशाचा मार्ग

ग्राहक पैसे देताना यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचे नाव येते. संकेतस्थळावर एक नाव आणि पडद्यावर अनोळखी व्यक्तीचे नाव दिसले की सावध ग्राहक तिथेच थांबतो. व्यवसायाच्या नावाने चालू खाते असणे म्हणूनच केवळ हिशेबाच्या सोयीचे नाही. कार्डाने रक्कम स्वीकारायची असल्यास अधिकृत पेमेंट ॲग्रिगेटरची मदत घ्यावी लागते. त्याच्याकडे आलेले विक्रेत्यांचे पैसे बँकेतील एस्क्रो खात्यात वेगळे ठेवले जातात. ग्राहकाचा कार्ड क्रमांक विक्रेत्याने स्वतःकडे साठवून ठेवणे 1 ऑक्टोबर 2022 पासून बंद झाले आहे. वहीत टिपून ठेवणेही त्यातच आले. कार्डधारकाने व्यवहाराला हरकत घेतली तर बिल, पाठवणीची पावती आणि माल पोहोचल्याचा पुरावा विक्रेत्यालाच सादर करावा लागतो, तेव्हा ही कागदपत्रे नीट जपावीत.

फसवणूक उलट दिशेनेही होते. ‘पैसे पाठवले’ असे दाखवणारे बनावट चित्र धाडून माल मागवला जातो. ‘पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असे सांगितले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याचे पाहूनच पुडके टपालात टाकावे आणि फसगत झालीच तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे. परताव्याची रक्कमही ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने पाठवावी. ‘दुसऱ्याच खात्यात परत करा’ असा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नकार द्यावा.