गाडी पाण्यात पडली तर पहिलं मिनिट मोलाचं

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल कोसळला, दोन एस.टी. बस वाहून गेल्या. आपल्या वस्तीत ड्रायव्हर पुष्कळ. लग्नाला भाड्याची जीपही असतेच. म्हणून हे घरात सर्वांना सांगा.

गाडी लगेच बुडत नाही, साधारण मिनिटभर तरंगते. फोन करत बसू नका. सीटबेल्ट सोडा, काच खाली घ्या, आधी मुलांना बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडू नका. पाणी झपाट्याने आत शिरतं. काच अडली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडी मारा. पुढची काच सहजी फुटत नाही.

बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर पोट दाबू नका. तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.